८७ने भागल्यावर

खऱ्या रेल्वेतली कुठलीही वस्तू घ्यावी, तिचे माप ८७ने भागावे आणि उत्तर येईल त्या आकाराची ती बनवावी. एचओ प्रमाणाच्या छोट्या रेल्वेचा सगळा कारभार या एका भागाकारावर चालतो. पावणेदोन मीटर उंचीचा गार्ड दोन सेंटिमीटरचा होतो. वायपी जातीचे वाफेचे इंजिन टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यासकट, सुमारे १९ मीटर, ते जेमतेम वीतभर होते. रुळाखालची ४० मिलिमीटरची खडी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत जाते. मीटरगेज म्हणजे दोन रुळांत एक हजार मिलिमीटर. भागले की साडेअकरा. पहिली अडचण इथेच, कारण साडेअकराचा रूळ कोणी विकत नाही. मिळतो तो बाराचा.

माझी सगळी नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत, टूलरूममध्ये गेली. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला की जॉब रिजेक्ट, वर सुपरवायझरची बोलणी वेगळी. इथे, घराच्या माळ्यावरच्या माझ्या छोट्या रेल्वेत, मात्र तो अर्धा मिलिमीटर मुकाट्याने पदरात घेतला. उलटा ८७ने गुणला तर तो ४४ मिलिमीटर भरतो, आणि खऱ्या रुळांत तेवढी फट वाढली तर गाडी स्टेशनाबाहेरच बसकण मारेल.

मग मीटरगेजच कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. टिळकवाडीतल्या आमच्या घरापासून दुसरे रेल्वे गेट हाकेच्या अंतरावर. तिथून दिवसभर ब्रॉडगेजच्या गाड्या जातात, डोक्यावर विजेची तार आहे, दुहेरी मार्गही झाला. आजची पंचविशीतली पोरे समजतात की हे असेच होते. पण पुण्याहून मिरज, बेळगाव करत लोंढ्याला जाणारा हा रस्ता मुळात मीटरगेजचा. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ची. १९०८ साली ती मद्रास रेल्वेबरोबर एक झाली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७१ला पुणे ते मिरज रूळ रुंद झाले आणि आमच्याकडचे तसेच अरुंद राहिले. त्यामुळे मुंबईहून बेळगावला यायचे तर मिरजेला बोचकी-ट्रंका घेऊन गाडी बदलायची. मिरजेत तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. नव्वदच्या दशकात आमचाही मार्ग रुंद झाला आणि ती चढउतार संपली.

मी निवडला तो काळ १९७१ नंतरचा, सत्तरच्या दशकातला. वाफ अजून जिवंत, आणि मिरजेची कटकटही चालू. माळ्यावर येणारी वडीलधारी मंडळी सुचवतात, डिसेंबर १९२४चे करा की, अधिवेशनाला गांधीजी आले ते. काँग्रेस विहीर तर पलीकडेच आहे. सूचना चांगली आहे, पण माझा जीव वायपी इंजिनात अडकला आहे आणि ती इंजिने स्वातंत्र्यानंतरची. पहिली बाल्डविन कंपनीने अमेरिकेतून पाठवली, पुढे टेल्कोने जमशेदपुरात पुष्कळ बांधली. पुढे चार छोटी चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन. आणि ॲक्सलवर फक्त साडेदहा टनांचा भार, म्हणजे हलक्या रुळांनाही सोसेल असे. दिसायला देखणे. मालगाडीचे वायजी जास्त राबले असेल, पण फोटो वायपीचाच काढावा.

हे इंजिन या मापात दुकानात मिळेना. तेव्हा वर्कशॉपची सवय कामी आली. वायपीचे मोठे चाक १३७२ मिलिमीटरचे, भागले की पावणेसोळा. इंग्लंडमध्ये १:१२० या मापात त्यांची पॅसिफिक, म्हणजे वायपीसारख्याच चाकांच्या मांडणीची, इंजिने मिळतात, तीही बारा मिलिमीटरच्याच रुळावर चालणारी. तिकडचे खरे चाक पावणेसात फुटांच्या आसपास, पण भागाकार १२०चा, त्यामुळे छोटे चाक सतरा मिलिमीटरचे. माझ्या पावणेसोळाच्या अगदी शेजारी. त्यांची चासी घेतली, वरची इंग्रजी झूल उतरवली आणि रेझिनमध्ये छापून घेतलेले वायपीचे अंग चढवले. जाणकाराने जवळून पाहिले तर चाक एक मिलिमीटर मोठे वाटेल. जाणकाराला मी जवळ येऊ देत नाही.

खडीसाठी कुठे जावे लागले नाही. ज्या गावात इतक्या फाउंड्र्या आहेत तिथे वाळू काय कमी? मोल्डिंगची जळकी वाळू बारीक चाळणीतून काढली की तिचा कण बरोबर अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो आणि रंगही रुळाखालच्या कळकट खडीचाच असतो. टेंडरमध्ये खराच कोळसा, कुटून वस्त्रगाळ केलेला. माती खानापूरच्या बाजूची, जांभ्याची लाल. हे सगळे पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बसवायचे आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा, म्हणजे पाणी वाळूवर गोळा न होता आत मुरते. वाळू आणि माती अंथरण्याआधी मात्र त्यांतून लोहचुंबक फिरवायचा, तोही मन लावून. फाउंड्रीच्या वाळूत लोखंडाचा चुरा असतो, जांभ्यात लोह मुळातच. एक कण जरी इंजिनाच्या मोटरीने ओढून घेतला तरी संपले.

स्टेशन खानापूरही नाही आणि गुंजीही नाही. दोघांचे थोडे थोडे घेतले आहे. पाटीवर नाव काय आणि कुठल्या लिपीत, कुठली ओळ वर, या प्रश्नावर आमच्या भागात काय काय होऊ शकते हे मी नव्याने सांगायला नको. म्हणून पाटी गाडीतल्या प्रवाशांकडे तोंड करून उभी केली आहे. बघणाऱ्याला तिची कड दिसते. आतापर्यंत कोणाची तक्रार नाही.

भिंतीच्या कडेने फिरून खोलीच्या पलीकडे लोंढ्याचा एक कोपरा आहे: पाण्याची टाकी, इंजिनात पाणी भरायचा उंच नळ, राख पाडायचा खड्डा, मालाच्या दोन लाइनी. बेळगाव ते लोंढा खरे अंतर पन्नास किलोमीटरच्या घरात. ते ८७ने भागले तरी पावणेसहाशे मीटर होते, तेवढा माळा आमच्या अख्ख्या गल्लीत कोणाकडे नाही. तेव्हा अंतराच्या बाबतीत सगळेच छोटे रेल्वेवाले लबाडी करतात, मीही करतो.

ज्या गोष्टी भागाकाराला दाद देत नाहीत, त्या मात्र मला बांधकाम संपल्यावर, गाड्या चालू झाल्यावर कळत गेल्या. आता तर वाटते, या छंदात जे काही गुंतून राहण्यासारखे आहे ते सगळे त्यांच्यातच आहे.

पाणी हा पहिला हट्टी पदार्थ. नळातून खरे पाणी सोडावे म्हटले तर थेंब तीन मिलिमीटरपेक्षा लहान व्हायला तयार नसतो, म्हणजे आमच्या दोन सेंटिमीटरच्या फायरमनच्या डोक्यावर कलिंगडाएवढे थेंब पडणार. म्हणून ओढ्यातले पाणी वार्निशचे. धूळही तशीच. माणसाच्या डोक्यातला एक केस रुळावर पडला तर दोरी पडल्यासारखा फोटोत येतो. पावसाळ्यात बेळगावची हवा तीन-चार महिने ओली असते, रुळांवर काळपट थर धरतो, इंजिन आचके द्यायला लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे फडके फिरवल्याशिवाय काही हलत नाही.

आणि वेळ. वेळेला ८७ने भागता येत नाही. ताशी ४० किलोमीटरची पॅसेंजर आमच्या मापात सेकंदाला सुमारे १३ सेंटिमीटर सरकली पाहिजे. तशी चालवली तर नवख्याला ती रांगते आहे असे वाटते, आणि तरीही एका स्टेशनातून दुसऱ्यात एका मिनिटाच्या आत पोचते. यावर छोट्या रेल्वेवाल्यांचा तोडगा म्हणजे पळते घड्याळ. खऱ्या पंधरा मिनिटांत त्याचा तास होतो, म्हणजे संध्याकाळभरात पूर्ण दिवसाचे वेळापत्रक उरकते. मीही ते बसवणार होतो. मास्तरांनी बसवू दिले नाही.

मास्तर आमच्याच गल्लीतले, निवृत्त स्टेशन मास्तर. मूळ गोकाककडचे, घरात कन्नड. मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त ठसक्यात आले की प्रत्येक वाक्याला ‘री’ लावतात. त्यांनी नोकरीला सुरुवात केली तेव्हा लाइनीवर वाफच होती. पळत्या घड्याळाची कल्पना सांगितली तर म्हणाले, “एन री हे! घड्याळ चौपट पळवलं तर इंजिनानं पाणी कधी प्यायचं? कपलिंग कोण जोडणार? सांधेवाला काय पळत जाणार काय?”

मुद्दा बिनतोड होता. इंजिन धावते तेव्हाच अंतराची लबाडी चालते. एकदा ते उभे राहिले की त्याला खरा वेळ लागतो. डबा सोडणे, मागे येणे, सांधा बदलणे, दुसऱ्या लाइनीवरून पुढे जाऊन पुन्हा जोडणे यांत कुठे काटकसर करता येत नाही. कौलांच्या वाघिणी खानापुरी धक्क्यावर लावून दांडेलीकडच्या लाकडाच्या वाघिणी उचलायच्या, एवढ्याशा शंटिंगला आमची अर्धी दुपार जाते, आणि ती जावी असेच आता मला वाटते. मुले वर येतात, “आजोबा, गोल गोल फिरवा की जोरात,” म्हणतात. तसे रूळ मी घातलेलेच नाहीत. एका टोकाला निघालेली गाडी दुसऱ्या टोकाला पोचते आणि काहीतरी काम करूनच परत येते.

एकेरी मार्गाची खरी गंमत क्रॉसिंगमध्ये आहे. समोरून गाडी यायची आहे, आपण लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभे, आणि टोकन, म्हणजे पुढे जायचा परवाना, मिळाल्याशिवाय हलायचे नाही. आमच्याकडच्या लाइनींवर टोकन म्हणून नीलचा गोळा चालायचा. दोन शेजारी स्टेशनांत एकेक यंत्र, दोन्ही तारेने जोडलेली. या स्टेशनातून लोखंडी गोळा बाहेर काढायचा तर त्या स्टेशनातल्या माणसाने आपल्या यंत्रावर संमती द्यावी लागते. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, त्याचाच पुढचा रस्ता. चालत्या गाडीत तो कातडी पिशवीत घालून मोठ्या कडीला अडकवून द्यायचा, फायरमनने हात बाहेर काढून कडी दंडात झेलायची. मास्तरांच्या दंडावर अजून तिची खूण आहे.

आमची यंत्रे मी पितळेची केली, गोळे म्हणजे बेअरिंगमधले छर्रे, कुलपासाठी सोलेनॉइड. दोन स्टेशनांच्या मध्ये मास्तरांनी प्लायवूडचा आडपडदा उभा करायला लावला. “गाडी डोळ्यानं दिसली तर गोळा कशाला लागतो?” त्यामुळे आता ते तिकडे लोंढ्याचे, मी इकडे नाव नसलेल्या स्टेशनाचा, आणि बोलणे फक्त घंटेने. एका खोलीत बसून दोन म्हातारे एकमेकांना घंटा वाजवतात हे घरच्यांना फार विनोदी वाटते. वाटो. गोळा निघाला, सिग्नलचा हात खाली पडला, की पोटात जरा हलते ते खोटे नसते.

मिरजेचा उशीरही मास्तरांनी सोडला नाही. दुपारी सुरुवात करताना ते फासा टाकतात. एक पडला तर मुंबईची गाडी मिरजेला वेळेवर, सहा पडला तर तासभर लेट, आणि त्यावर आमचे दिवसभराचे क्रॉसिंग ठरते. सहा पडला की मालगाडी लूपमध्ये बसून राहते. खरोखर बसून राहते. मी खुर्चीत, मास्तर रजिस्टर भरत, खालून फोडणीचा वास. या वेळात काहीच घडत नाही, म्हणून तो कोणाला दाखवता येत नाही. आणि मला तर सगळ्यात तोच आवडतो. खऱ्या क्रॉसिंगला डब्यातून उतरून लोक रुळाच्या कडेने फिरायचे, बिडी ओढायचे, करवंदवाल्या बायका यायच्या. दुहेरी मार्ग झाल्यावर हे संपले ते बरेच झाले, उशिरा पोचणाऱ्याला विचारा. पण छोट्या रेल्वेत दुहेरी मार्ग घालणे म्हणजे करमणुकीलाच हरताळ.

फोटोंचे प्रकरण पुतणीमुळे सुरू झाले. ती पुण्याला असते. मी काढलेले फोटो बघून म्हणाली, “काका, तुम्ही विमानातून काढताय.” उभ्या माणसाने खाली बघून काढलेला फोटो म्हणजे या मापात सत्तर-ऐंशी फुटांवरून बघितल्यासारखे. फलाटावरचा माणूस बघेल तसे दिसायला हवे तर कॅमेऱ्याचा डोळा त्या माणसाच्या डोळ्याशी, म्हणजे जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर आणावा लागतो. मोठा कॅमेरा तिथे मावतच नाही. तिने मोबाइल उलटा केला, डोके खाली पाय वर, आणि सरळ रुळांमध्ये टेकवला. लेन्स मोबाइलच्या वरच्या टोकाला असते, ती आता थेट स्लीपरवर आली. त्या एका फोटोत इंजिन पहिल्यांदा अंगावर आले.

लहान वस्तू लहान आहे हे फोटो कशावरून सांगतो? बरेचसे धूसरपणावरून. जवळून फोकस केला की बफर स्पष्ट आणि चिमणी धूसर होते. खरे इंजिन पन्नास फुटांवरून टिपले तर ते टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ असते. मोबाइलचा सेन्सर चिमुकला म्हणून तो यात मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा उजवा. मोठ्या कॅमेऱ्याचे छिद्र एफ १६पर्यंत बारीक करता येते, त्याहून बारीक केले की प्रकाशच पसरतो आणि सगळेच मऊ पडते. मग उपाय म्हणजे फोकस थोडा थोडा मागे सरकवत एकाच जागेवरून पंधरा-वीस फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन संगणकावर एक जोडायचा. तेवढा वेळ काहीही हलता कामा नये. पंखा बंद, गल्लीतून ट्रक जाऊ लागला की श्वास रोखायचा.

दुसरा पुरावा सावलीचा. खोलीत दोन दिवे लावले की इंजिनाला दोन सावल्या पडतात आणि आकाशात दोन सूर्य आहेत हे कोणालाही कळते. म्हणून एकच दिवा, लांब, उंच. मागचा डोंगराचा पडदा लेआउटपासून फूटभर दूर, नाहीतर चिमणीची सावली थेट सह्याद्रीच्या आभाळावर पडते.

आणि मग धूर, पाण्याइतकाच आडमुठा. या मापाच्या इंजिनात तेल तापवून धूर काढणारे यंत्र बसवता येते, पण तो धूर एक बारीक पांढरी दोरी होऊन वर जातो. खऱ्या इंजिनाचा लोट उकळत, गुंडाळत, फुगत जातो. हवेचा आणि वाफेचा स्वभाव भागाकाराने बदलत नाही. कापूस लावून पाहिला, कापूसच दिसला. उदबत्तीने देवघर झाले. पुतणीने संगणकावर धूर घातला. उत्तम होता, आणि मला तो नको होता. आधी चिमणीचा कडा कानसून ८७व्या भागापर्यंत आणायचा आणि वर कधी जळलाच नाही असा कोळशाचा धूर चिकटवायचा, हे मला जमत नाही.

वाट दाखवली ती मास्तरांनीच, न विचारता. म्हणाले, “एप्रिलच्या दुपारी कुठला आलाय धूर? थंडीत सकाळी बघायचा, स्टेशन दिसायचं नाही. उन्हात वाफ निघते आणि निघाल्या निघाल्या विरते. आणि काळा धूर येतोय म्हणजे फायरमनला कोळसा टाकता येत नाही.” बरोबरच आहे. थंड, दमट हवेत वाफेचे थेंब टिकतात म्हणून लोट दिसतो. तापलेल्या कोरड्या हवेत ते क्षणात सुकतात. आणि काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेला, वाया गेलेला कोळसा.

म्हणजे धूर कसा आणायचा हा प्रश्न नव्हताच, हवामान कुठले निवडायचे हा होता. मी दिवा सरळ डोक्यावर नेला, पिवळसरपणा काढला, सावल्या आखूड आणि काळ्या केल्या. लाल माती जरा फिकट मारली, झाडांना धूळ दिली. चैत्रातली दुपार झाली. लूपमध्ये उभे वायपी, चिमणीवर काही नाही, आणि त्या काही नसण्यानेच ते तापलेले वाटायला लागले. थंडीतली सकाळ आता मी कधीच करणार नाही. तिलारीकडचे धुके वगैरे इतरांनी करावे.

यातून नवे भांडण मात्र उभे राहिले. फोटोला गाडी स्थिर हवी आणि मास्तरांना वेळापत्रक. मी दिवा हलवणार, मोबाइल रुळांत ठेवणार, म्हणजे लाइन बंद, आणि पलीकडून लोंढ्याची घंटा वाजतच राहणार. शेवटी तह झाला: फोटो फक्त क्रॉसिंगच्या वेळात. मालगाडी किंवा पॅसेंजर जी कोणी लूपमध्ये थांबली असेल तिचेच काढायचे, आणि समोरच्या गाडीचा गोळा निघायच्या आत सामान रुळावरून उचलायचे. गंमत अशी की वीस फोटोंची थप्पी काढायला जेवढी मिनिटे लागतात, साधारण तेवढेच क्रॉसिंग असते. फाशावर सहा पडला की हल्ली मी मनातल्या मनात खूश होतो.

मागच्या रविवारी फासा दोनवर थांबला. पुतणी आली होती, ऊन नेमके जमले होते, आणि थप्पी निम्म्यावर असताना घंटा वाजली. मी संमती दिली नाही. पुन्हा वाजली, तरी दिली नाही. पडद्यापलीकडे थोडा वेळ शांतता, मग पेनचा आवाज. रात्री रजिस्टर उघडून पाहिले. उशिराच्या कारणांच्या रकान्यात असते ते पाण्याचे, कोळशाचे, मिरजेचे काहीच नव्हते. मास्तरांनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते, ‘गाडी लोंढ्याला ७ मिनिटे उभी. कारण: स्टेशन मास्तर फोटो काढत होते. लेखी खुलासा मागवावा.’ खाली सही, तारीख. खुलासा मराठीत दिला तरी चालेल, असे सकाळी दूध घ्यायला जाताना तोंडी कळवून गेले.